प्रश्न विधानसभेत विचारला, उत्तर कागदावर आलं: ते वाचायचं कसं?

आपल्या संस्थेचे सर्व सभासद, होडीमालक, ट्रॉलरमालक, रापणकार आणि मासळी विकणाऱ्या माता-भगिनींसाठी आज थोडं मोठं लिहितो आहोत. सवडीने वाचा, घरात मोठ्याने वाचून दाखवा.

१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. होड्या वर ओढलेल्या, जाळी सांधायचं काम चाललेलं, इंजिनं खोललेली. नेमक्या याच दिवसांत पर्वरीला पावसाळी अधिवेशन भरतं. टीव्हीवर आरडाओरड दिसते, कुणी सभापतींच्या आसनासमोर धावतो, आणि आपण म्हणतो, "हा तर मासळी बाजारच झाला." (आपल्या बाजाराची उगीच बदनामी. आपल्या बाजारात निदान भाव तरी ठरतो.)

मागच्या बैठकीत एका सभासदाने सरळ विचारलं, "आमदार प्रश्न विचारतात, मंत्री उत्तर देतात, त्यात आमच्या पोटात काय पडतं?" त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून हा लेख.

आधी कुटबणची आठवण

२०२४ साली बंदी उठून मासेमारी नुकतीच सुरू झाली होती. ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये सासष्टीतल्या कुटबण जेटीवर ट्रॉलरवरच्या कामगारांमध्ये कॉलरा पसरला. कामगार दगावले. बाहेरच्या राज्यांतून पोट भरायला आलेली ती माणसं होती. प्यायचं पाणी, संडास, एकेका ट्रॉलरवर दाटीवाटीने राहणारी माणसं, या सगळ्याची चर्चा तेव्हा झाली. नंतर झाली, हे लक्षात घ्या.

तेव्हा पावसाळी अधिवेशन संपलेलं होतं. म्हणजे ज्या सभागृहात मंत्र्याला समोर उभं करून विचारता येतं, ते सभागृह साथीच्या वेळी बंद होतं. घटनेप्रमाणे दोन अधिवेशनांमध्ये सहा महिन्यांहून जास्त अंतर पडता कामा नये, एवढंच बंधन आहे. मधल्या काळात आपण वाट बघत बसतो.

आता विचार करा. त्याच वर्षी जुलैमध्ये, होड्या सुटायच्या आधी, कुणी आमदाराने एवढंच विचारलं असतं की प्रत्येक जेटीवर पिण्याच्या पाण्याचे नळ किती, चालू संडास किती, पाण्याचा नमुना शेवटचा कधी तपासला? साथ नक्की टळली असती असं आम्ही म्हणत नाही. पण उत्तर तयार करण्यासाठी खात्यातल्या कुणाला तरी जेटीवर येऊन नळ मोजावे लागले असते. प्रश्नाचा पहिला फायदा हाच. उत्तर सभागृहात यायच्या आधी फाईल हलते, आणि फाईलसाठी माणूस हलतो.

कुठला प्रश्न कुठे विचारायचा?

आपण सगळे प्रश्न एकाच टोपलीत टाकतो. तसं चालत नाही. घटनेच्या सातव्या अनुसूचीत कामांची वाटणी केलेली आहे.

सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, इस्पितळं आणि दवाखाने हा राज्याचा विषय. मासेमारी हाही राज्याचा विषय, पण प्रादेशिक समुद्राच्या आतली, म्हणजे १२ सागरी मैलांपर्यंतची. त्यापलीकडची मासेमारी केंद्राकडे. अन्नातली भेसळ समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हातात.

म्हणून जेटीवरचे संडास, आरोग्य केंद्रातला डॉक्टर, रुग्णवाहिका हे आमदाराकरवी विधानसभेत विचारायचं. १२ मैलांपलीकडच्या मोठ्या बोटी, केंद्राची विमा योजना हे खासदाराकरवी संसदेत. लोकसभेत गोव्याचे दोन खासदार आहेत, उत्तरेचा एक आणि दक्षिणेचा एक, आणि राज्यसभेत एक. मासळीतल्या भेसळीबद्दल दोन्हीकडे विचारता येतं. पण नमुना कुणी घेतला, कुणी तपासला, हे राज्याच्या खात्याचं काम असल्याने ते विधानसभेतच विचारलेलं बरं.

चुकीच्या ठिकाणी प्रश्न गेला की उत्तर एका ओळीत येतं: हा विषय राज्याच्या अखत्यारीत येतो. झालं, एक अधिवेशन फुकट.

तारांकित आणि अतारांकित

हे दोन शब्द वर्तमानपत्रात नेहमी येतात.

तारांकित प्रश्नाच्या आधी चांदणीची खूण असते. त्याचं उत्तर मंत्री सभागृहात देतो, आणि उत्तरावर लगेच पुरवणी प्रश्न विचारता येतात. खरी परीक्षा पुरवणी प्रश्नातच होते, कारण लेखी उत्तर अधिकारी तयार करून देतात, पण पुरवणीला मंत्र्याला स्वतः तोंड उघडावं लागतं.

अतारांकित प्रश्नाचं फक्त लेखी उत्तर मिळतं, पुरवणी नाही. पण आकडे, तक्ते, तालुकावार यादी हवी असेल तर हाच प्रकार सोयीचा.

लोकसभेत एका दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात. राज्यसभेत १५ तारांकित. कुणाचा प्रश्न यादीत यायचा हे सोडतीने ठरतं. साधारण १५ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. यादीतले वीसही क्वचितच पूर्ण होतात. ज्या प्रश्नापर्यंत तास पोचत नाही, त्याचं लेखी उत्तर पटलावर ठेवतात, पण पुरवणी विचारायची संधी गेलेली असते.

म्हणून गोंधळात प्रश्नोत्तराचा तास वाहून गेला की नुकसान कुणाचं होतं ते समजून घ्या. मंत्र्याचं होत नाही. लेखी उत्तर तर त्याने दिलेलंच असतं. उलट अडचणीच्या पुरवणीतून तो सुटतो. कोविडच्या काळात, सप्टेंबर २०२० च्या संसदेच्या अधिवेशनात प्रश्नोत्तराचा तासच ठेवला नव्हता, फक्त लेखी उत्तरं होती. आरोग्याबद्दल विचारायची सगळ्यात जास्त गरज होती ते हेच वर्ष.

फॉर्मेलिन: 'मर्यादेत' म्हणजे किती?

२०१८ चा जुलै कुणी विसरलेला नाही. १२ जुलैला अन्न व औषध प्रशासनाने मडगावच्या घाऊक बाजारात बाहेरून आलेल्या मासळीची तपासणी केली. जागेवरच्या प्राथमिक चाचणीत फॉर्मेलिन असल्याची बातमी फुटली, आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेच्या हवाल्याने सांगण्यात आलं की प्रमाण मर्यादेत आहे. लोकांचा दोन्हींवरचा विश्वास उडाला. १८ जुलैला सरकारने बाहेरच्या मासळीवर १५ दिवसांची बंदी जाहीर केली. १९ जुलैला अधिवेशन सुरू झालं, आणि सुरुवातीलाच या विषयावरून गदारोळ होऊन कामकाज तहकूब करावं लागलं.

फॉर्मेलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायू पाण्यात विरघळवून केलेलं द्रावण. प्रेतं टिकवायला वापरतात ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलं आहे. आपल्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे मासळी टिकवायला फॉर्मेलिन वापरायला परवानगीच नाही.

मग 'मर्यादेत' हा शब्द आला कुठून? इथे एक शास्त्रीय गोम आहे. बोंबलासारख्या काही मासळीत, मासळी मेल्यावर, फॉर्मल्डिहाइड थोडंसं आपोआप तयार होतं. कुणी काही न टाकता. म्हणजे नुसतं "सापडलं" म्हणून भेसळ सिद्ध होत नाही, आणि नुसतं "मर्यादेत आहे" म्हणून कुणी टाकलं नाही असंही सिद्ध होत नाही.

आता मंत्र्याला कुणी विचारलं, "मासळीत फॉर्मेलिन आहे हे खरे आहे का?" तर उत्तर येणार, "प्रमाण मर्यादेत आहे." त्यापुढे गोंधळ. पण विचारायला हवं होतं ते असं: किती नमुने घेतले, कुठल्या मासळीचे, कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या पद्धतीने तपासले, प्रत्येकात किती प्रमाण आढळलं, आणि मर्यादा म्हणता ती कुठल्या नियमातली? अशा प्रश्नाला "मर्यादेत" एवढंच म्हणून सुटता येत नाही.

यात आपलं नुकसान काय झालं ते आठवा. संशय बाहेरच्या ट्रकमधल्या मासळीवर होता, पण गिऱ्हाइकाला बांगडा कुठला हे कपाळावर लिहिलेलं दिसत नाही. ऑगस्टमध्ये आपल्या होड्यांनी आणलेली ताजी मासळी घेऊन आपल्या बायका बाजारात बसल्या, तेव्हा लोक आधी वास घेत, मग विचारत, मग पुढे जात. स्पष्ट उत्तर वेळेवर न मिळाल्याची किंमत अशी टोपलीपर्यंत येते.

'कळवलेले नाही' म्हणजे 'झाले नाही' असं नव्हे

दुसरं उदाहरण संसदेतलं. २० जुलै २०२१ रोजी राज्यसभेत केंद्रीय आरोग्य राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांनी लेखी उत्तर दिलं. त्यांचं म्हणणं असं की आरोग्य हा राज्यांचा विषय आहे, राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश केंद्राला आकडे कळवतात, आणि ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं त्यांनी वेगळं असं कळवलेलं नाही. देशभर लोक संतापले, कारण दोन-तीन महिन्यांपूर्वीच सगळ्यांनी डोळ्यांनी काय काय पाहिलं होतं.

आपल्या गोव्यातच ११ मे २०२१ ला बांबोळीच्या गोमेकॉत पहाटे २ ते ६ या वेळेत २६ कोविड रुग्ण दगावल्याचं राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी स्वतः पत्रकारांना सांगितलं होतं, आणि उच्च न्यायालयाने यात लक्ष घालावं असंही म्हटलं होतं. ऑक्सिजनच्या पुरवठ्याचा विषय तेव्हा उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे चालू होता.

मग केंद्राचं उत्तर खोटं होतं का? शब्दशः बघितलं तर मंत्री "मृत्यू झाले नाहीत" असं म्हणालेच नव्हते. "कळवलेले नाही" असं म्हणाले. मृत्यूच्या दाखल्यावर कारण कोविड लिहिलेलं असतं, ऑक्सिजन संपला हे लिहायला वेगळा रकानाच नसेल तर कोण कळवणार? उत्तर शब्दाने बरोबर आणि वाचणाऱ्याच्या मनात चुकीचा समज करणारं, दोन्ही असू शकतं.

म्हणून कुठलंही सरकारी उत्तर वाचताना क्रियापदावर बोट ठेवा. "आढळले नाही" असेल तर शोधलं होतं का ते विचारा. "तक्रार प्राप्त झालेली नाही" असेल तर तक्रार द्यायची सोय कुठे होती ते विचारा. "तरतूद करण्यात आली आहे" असेल तर खर्च किती झाला ते विचारा. बजेटातली तरतूद म्हणजे जाळ्यात आलेली मासळी नव्हे, ती अजून पाण्यातच आहे.

आश्वासन दिलं की ते नोंदलं जातं

"विचाराधीन आहे", "तपासून बघतो", "माहिती गोळा केली जात आहे" अशी उत्तरं ऐकली की आपण हात झटकतो. झटकू नका. लोकसभेत अशा वाक्यांची ठरलेली यादी आहे, आणि मंत्र्याच्या तोंडून तसं वाक्य आलं की ते 'आश्वासन' म्हणून नोंदलं जातं. त्यासाठी शासकीय आश्वासन समिती असते. आश्वासन तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, नाही केलं तर समिती खात्याला बोलावून विचारते. गोवा विधानसभेतही अशी समिती आहे.

तीन महिन्यांची मुदत कितीदा पाळली जाते हा वेगळा विषय. पण आपल्या आमदाराला आठवण करून देता येते: "अमुक तारखेला मंत्री असं म्हणाले होते, त्याचं पुढे काय झालं?" तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, सभागृहात बोललेलं कागदावर राहतं.

आणि प्रश्नाने कधी मोठी गोष्टही घडते. १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंदडा यांच्या कंपन्यांत पैसे गुंतवल्याबद्दल लोकसभेत साधा प्रश्न आला. फिरोज गांधींनी तो विषय लावून धरला, न्यायमूर्ती छागला यांनी चौकशी केली, आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. प्रश्न विचारणारा आणि ज्याला विचारला तो मंत्री, दोघेही एकाच पक्षाचे होते. म्हणून "आपला आमदार सत्तेत आहे, तो काय विचारणार" असं म्हणून गप्प बसू नका.

आमची स्वतःची चूक

एकदा आम्ही आमदारांना दोन पानी निवेदन दिलं. त्यात जेटी, डिझेल, आरोग्य केंद्र, रस्ता, बर्फ, बाहेरच्या बोटी, सगळं होतं. शेवटी "सरकार झोपले आहे काय?" असंही लिहिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "यातला नेमका कुठला प्रश्न विचारू?" आमच्याकडे उत्तर नव्हतं.

नंतर कळलं की प्रश्नाला नियम असतात. लोकसभेच्या नियमात प्रश्न साधारण १५० शब्दांच्या वर नको, त्यात वाद, टोमणे, आरोप नकोत, न्यायालयात चालू असलेला विषय नको, आणि मंत्र्याचं नुसतं मत विचारायचं नाही. "झोपले आहे काय" हे वाक्य पहिल्याच चाळणीत गळालं असतं.

म्हणून आता एक विषय, एक प्रश्न, आणि प्रत्येक भागाला आकड्यात किंवा तारखेत उत्तर. नमुना असा:

"आरोग्यमंत्री व मत्स्योद्योगमंत्री कृपया सांगतील का:
(अ) राज्यातील प्रत्येक मासेमारी जेटीवर पिण्याच्या पाण्याचे नळ व वापरात असलेले संडास किती आहेत, जेटीवार तपशील;
(आ) मागील दोन वर्षांत प्रत्येक जेटीवरील पाण्याचे नमुने कोणत्या तारखांना तपासले व निकाल काय आला;
(इ) जेटीपासून सर्वांत जवळचे आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे व तेथे रात्री डॉक्टर हजर असतो का;
(ई) मासेमारी हंगाम सुरू होण्यापूर्वी ट्रॉलरवरील कामगारांची आरोग्य तपासणी झाली का, झाली असल्यास किती जणांची?"

बघा, यात एकही तक्रार नाही. पण खरं उत्तर आलं तर तक्रार आपोआप दिसेल.

दुसरा विषय आपल्या खलाशांचा. गोव्याच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण गोव्यात पाच वर्षं राहिल्याची अट आहे. ओडिशा-झारखंडातून हंगामापुरता आलेला खलाशी यात बसत नाही. केंद्राच्या मत्स्य संपदा योजनेत अपघात विमा आहे, मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला ५ लाख, पण तो अपघाताचा. कॉलरा, ताप, छातीचं दुखणं यांना तो लागू नाही. मग आपल्या ट्रॉलरवर माणूस आजारी पडला तर त्याचा खर्च कोण करतो? आज मालक करतो, नाहीतर कुणीच करत नाही. हा प्रश्न विधानसभेतही विचारण्यासारखा आहे आणि संसदेतही.

मालकांना थोडं कडू वाटेल, तरी लिहितो. प्रश्न विचारल्यावर उत्तरात आपलंही नाव येऊ शकतं. ट्रॉलरवर किती माणसं ठेवली, पाण्याची टाकी कधी धुतली, खलाशांची नोंद खात्याकडे दिली का, हे मंत्री उलट विचारू शकतात, आणि विचारायलाच हवं. कुटबणला जे गेले ते कुणाच्या तरी ट्रॉलरवरच काम करत होते. सरकारला नळ मोजायला सांगताना आपली टाकीही बघून ठेवूया.

आता काम काय?

प्रत्येकाने आपल्या जेटीवर, आपल्या वाड्यावर स्वतः मोजून आणा: नळ किती, संडास किती आणि त्यातले चालू किती, रात्री १० नंतर आरोग्य केंद्रात कोण असतं. ऐकीव नको, तारीख घालून लिहा. मराठीत लिहा, कोकणीत लिहा, वहीच्या पानावर चालेल. संस्थेच्या ऑफिसात आणून द्या. आम्ही त्याचे प्रश्न तयार करून आमदार-खासदारांकडे नेऊ, सत्तेतल्याही आणि विरोधातल्याही. संस्था कुठल्या पक्षाची नाही. उत्तर आलं की ते जसंच्या तसं याच पानावर टाकू, आणि मग सगळे मिळून क्रियापदावर बोट ठेवून वाचू.

होड्या १ ऑगस्टला सुटणार. नोटिशीचे १५ दिवस त्याच्या आधीचे आहेत. म्हणून मोजणी या आठवड्यातच करा.